आयकर खात्याच्या नावाची बनावट संकेतस्थळं: पान पारखू नका, वाट बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या फोनवर आयकराचा रिफंड मंजूर झाल्याचा संदेश आला. त्यातली लिंक उघडली तर खात्याच्या पोर्टलसारखंच पान, राजमुद्रा, वर कुलपाचं चिन्हसुद्धा. वडिलांनी पॅन आणि जन्मतारीख भरली, पण डेबिट कार्डाचा नंबर मागितल्यावर ते थांबले. असं पान खोटं आहे हे साध्या माणसाने ओळखायचं कसं, आणि सरकार ही पानं बंद का करत नाही?

बनावट संकेतस्थळं शोधून ती बंद पाडण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर अनेकांना आवडत नाही: पान बघून ओळखायच्या फंदात पडूच नका. आम्हीसुद्धा नुसतं पान बघून ठरवत नाही. पान कुठे ठेवलंय, पत्ता कधी नोंदवला, प्रमाणपत्र कधी निघालं, भरलेली माहिती कुठे पाठवली जाते हे सगळं तपासल्यावर बोलतो. जे काम आम्ही साधनं हाताशी घेऊन करतो, ते काम बसमध्ये उभ्याने फोन बघणाऱ्या माणसाने पाच सेकंदांत करावं ही अपेक्षाच चूक आहे.

पानाची नक्कल ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. ब्राउझरमध्ये जे दिसतं ते सगळं उतरवून घेता येतं, आणि अशा तयार पानांचे संच विकतही मिळतात. कित्येकदा नक्कल करणारा राजमुद्रेचं चित्रही स्वतःकडे ठेवत नाही, ते थेट खऱ्या पोर्टलवरूनच मागवतो. (हा आळस आमच्या फायद्याचा. आपल्या पोर्टलची चित्रं कोणती अनोळखी संकेतस्थळं मागवतायत हे खऱ्या सर्व्हरच्या नोंदींत दिसतं, आणि त्यावरून बनावट पान सापडतं.) कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून समोरच्या सर्व्हरपर्यंत मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोरचा कोण आहे याबद्दल ते काही सांगत नाही. ज्या प्रमाणपत्रामुळे हे कुलूप दिसतं, ते लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था फुकट आणि काही मिनिटांत देतात, चोरालाही देतात. गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं त्याचं एक कारण हेच होतं, लोक त्याला विश्वासाचं चिन्ह समजत होते. अशुद्ध भाषेवरून खोटं ओळखावं हा सल्लाही आता जुना झाला. हल्ली चोरांची भाषा सफाईदार असते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी सरकारी मजकुरापेक्षा बरी असते.

पत्ता वाचण्याचा सल्ला मात्र खोटा नाही, फक्त तो अर्धा सांगितला जातो. आयकराचं पोर्टल 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यावर आहे. नावाच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' ही शेपटी फक्त सरकारी संस्थांना मिळते आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत, म्हणजे एनआयसीमार्फत, दिली जाते. पण 'शेवटी' म्हणजे कुठे? पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी. चोर काय करतो, 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' हे सगळं पत्त्याच्या सुरुवातीला घालतो आणि त्यापुढे आडवी रेघ देऊन 'रिफंड डॉट कॉम' किंवा 'अपडेट डॉट टॉप' असं काहीतरी जोडतो. मालकी ठरते ती या शेवटच्या तुकड्यावरून. म्हणून पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. अडचण अशी की फोनच्या अरुंद पट्टीत कित्येकदा पत्त्याचा एक तुकडाच दिसतो, आणि चोराला ते चांगलं माहीत असतं.

शिवाय नियम दोन्ही बाजूंनी गळका आहे. पॅनचे अर्ज घेण्याचं काम सरकारने ज्यांना दिलंय त्या प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या संस्थांची पानं खरी आहेत, पण त्यांच्या पत्त्याला जीओव्हीची शेपटी नाही. उलट २०२४ मध्ये असंही उघड झालं की काही खऱ्या सरकारी संकेतस्थळांवरच्या दुव्यांमधून लोक सट्ट्याच्या पानांकडे वळवले जात होते, कारण ती संकेतस्थळं नीट राखलेली नव्हती. म्हणजे शेपटी नाही म्हणून खोटं असं नाही, आणि शेपटी आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही.

म्हणून मी लोकांना एकच नियम सांगतो: संदेशाने दाखवलेल्या दारातून आत जायचं नाही. संदेश खरा की खोटा याचा निकाल लावत बसायची गरजच नाही. ब्राउझर उघडा, पत्ता स्वतः टाइप करा किंवा आधी जतन केलेला वापरा, लॉगिन करा आणि बघा. रिफंडचं काही अडलं असेल, डिमांड, म्हणजे कराची मागणी, निघाली असेल, नोटीस आली असेल, तर ती तिथे दिसतेच: प्रलंबित कामांच्या यादीत, ई-प्रोसीडिंग्जमध्ये, थकीत डिमांडच्या पानावर. तिथे काही नसेल तर त्या संदेशाला उत्तर देण्यासारखंही काही नाही. आणि पत्ता टाइप करा म्हणजे टाइपच करा, शोधयंत्रात 'इन्कम टॅक्स लॉगिन' लिहून पहिल्या निकालावर बोट ठेवू नका. तिथली वरची जागा जाहिरातीची असते आणि ती कोणालाही विकत मिळते.

हा नियम मनात बसायला हवा असेल तर खरा रिफंड कसा येतो ते एकदा समजून घ्या. माझ्या अनुभवात फसवणुकीच्या पन्नास खुणा पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. तुम्ही रिटर्न भरता आणि त्याची पडताळणी करता. बेंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीसीत, त्यावर प्रक्रिया होते. हिशेबाची सूचना येते. जुन्या कायद्यात ती कलम १४३(१) खालची. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू, आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत. 'नव्या कायद्यानुसार खातं पुन्हा अपडेट करा' असे संदेश आले तर नवल वाटून घेऊ नका.) मग रक्कम थेट तुम्ही पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवलेल्या बँक खात्यात जमा होते. या सगळ्या साखळीत 'रिफंड स्वीकारा' असं बटण कुठेच नाही. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड यातलं काहीच लागत नाही. खातं चुकीचं असल्याने रिफंड परत गेला, तर लॉगिन करून तो पुन्हा पाठवण्याची विनंती तुम्हीच टाकायची असते. बरं, पात्र रिफंडला उशीर झाला तर खातंच दरमहा अर्धा टक्का व्याज देतं. तेव्हा 'आज रात्री बारापर्यंत क्लेम करा नाहीतर रक्कम बुडेल' या वाक्याला कायद्यात जागाच नाही.

एका गाजलेल्या संदेशाची रचना मला फार शिकवून गेली. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा एक मजकूर देशभर फिरला आणि केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. त्यात म्हटलं होतं की रक्कम अमुक खात्यात जमा होईल, आणि पुढे एक अर्धवट झाकलेला खाते क्रमांक. तो बरोबर नसेल तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा. आता तो क्रमांक तुमचा नसणारच. इथे माणूस लोभाने धावत नाही, आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील या काळजीने धावतो. 'लोभी लोक फसतात' असं म्हणणाऱ्यांना मी हा संदेश दाखवतो. सावध आणि काटेकोर माणूसच यात आधी सापडतो.

दुसरा प्रकार भीतीचा: नोटीस, दंड, अटक. यात आपल्याकडे एक कडवट इतिहास आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. तिथली मुलं-मुली अमेरिकेतल्या लोकांना फोन करून आपण तिथल्या करखात्यातून बोलतोय असं सांगत, अटकेची धमकी देत आणि 'थकबाकी' गिफ्ट कार्डांच्या रूपात उकळत. करखात्याचा मुखवटा जगभर चालतो, कारण रिटर्नमध्ये आपलं काहीतरी राहून गेलं असेल अशी बारीक शंका जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते.

नोटिशीच्या बाबतीत मात्र खात्याने एक चांगलं हत्यार दिलंय, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर, नोटिशीवर, आदेशावर संगणकाने दिलेला दस्तऐवज क्रमांक असावा लागतो. त्याला डिन म्हणतात. अगदी मोजके अपवाद सोडले तर डिन नसलेलं पत्र निघालंच नाही असं मानलं जातं. पोर्टलच्या पहिल्या पानावर, लॉगिन न करता, डिन टाकून नोटीस खरी आहे का हे तपासता येतं. ही सोय पोर्टलवर स्वतः जाऊनच वापरायची. नोटिशीतच दिलेल्या 'इथे तपासा' लिंकवरून नव्हे. बनावट नोटिशीतला तपासणीचा दुवा बनावट तपासणीकडेच जातो आणि तिथे 'बरोबर'ची हिरवी खूण हमखास उमटते. कर भरायचा असेल तर तोही पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून, चलन तयार करून. कोणा व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय आयडीवर केंद्र सरकारचा आयकर भरला जात नाही, आणि फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर अटकही होत नाही.

आता खात्याच्या बाजूने बोलतो, कारण सगळं ओझं नागरिकांवर टाकणं मला पटत नाही. खातं स्वतः खरे एसएमएस आणि ईमेल पाठवतं: आगाऊ कराची आठवण, मोठ्या व्यवहारांची विचारणा, नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी मालमत्ता जाहीर करण्याबद्दलची मोहीम. हे योग्यच आहे. पण सरकारी असो की खासगी, कोणत्याही संस्थेच्या खऱ्या संदेशात जेव्हा दाबण्यासारखी लिंक असते, तेव्हा ती लोकांना लिंक दाबायचीच सवय लावत असते. मग 'लिंक दाबू नका' या जाहिरातीला काय अर्थ उरला? माझ्या मते करखात्याच्या कुठल्याही संदेशात लिंक नसावी, फक्त 'पोर्टलवर लॉगिन करून अमुक ठिकाणी पाहा' एवढंच असावं. त्याने चार लोकांची थोडी गैरसोय होईल. पण मग लोकांना एकच वाक्य शिकवावं लागेल: लिंक आहे, म्हणजे खात्याचा संदेश नाही. आज हे वाक्य छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि चोर नेमका त्या फटीतून आत येतो.

दूरसंचार बाजूला थोडी चांगली कामं झाली आहेत. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक एसएमएसमध्ये आधी नोंदवलेल्या लिंकच जाऊ शकतात. बाकीचे संदेश कंपन्यांनी अडवायचे. पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता सरकारी संदेशासाठी 'जी' हे अक्षरही लागतं. साध्या दहा आकडी किंवा परदेशी क्रमांकावरून आयकराचा संदेश आला तर तो तिथेच संपला. पण एक वाट बंद केली की ओघ दुसरीकडे वळतो. हल्ली हे काम व्हॉट्सॲप, ईमेल आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या इतर संदेशसेवांवर सरकलंय, आणि तिथे ट्रायची चाळणी नाही.

पानापेक्षा मला जास्त भीती वाटते ती ॲपची. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे देशाच्या संगणक सुरक्षेच्या मध्यवर्ती यंत्रणेने, ड्रिनिक नावाच्या अँड्रॉइड मालवेअरबद्दल इशारा दिला होता. त्याची चाल बघण्यासारखी आहे. एसएमएसमधून आयकर खात्यासारख्या पानावर नेणार, तिथे थोडी माहिती घेणार आणि 'पडताळणीसाठी' एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल उतरवायला लावणार. ॲप एसएमएस आणि कॉलच्या नोंदी वाचायची परवानगी मागतं. मग पॅन, आधार, खाते क्रमांक, कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, पिनपर्यंत सगळं भरून घेतं. रिफंडची रक्कम टाकून पुढे गेलं की त्रुटी दाखवतं आणि वर अपडेट चालू असल्याचा पडदा लावतं. माणूस 'सर्व्हर डाउन असेल' म्हणून वाट बघत बसतो, तोवर मागे त्याची माहिती निघून गेलेली असते. मग त्याच्या बँकेच्या मोबाइल ॲपसारखा पडदा तयार होऊन समोर येतो. २७ हून अधिक भारतीय बँकांचे ग्राहक त्याचं लक्ष्य होते. पानावर भरलेली माहिती तेवढ्यापुरती जाते. फोनमध्ये बसलेलं ॲप मात्र उद्याचा ओटीपीही वाचतं. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना दोनच गोष्टी सांगायच्या असतील तर दुसरी ही सांगा: एपीके फाइल कोणीही पाठवली, तरी उघडायची नाही. छोट्या कंपन्यांच्या हिशेबनिसांना हाच प्रकार नोटिशीच्या नावाने झिप फाइल म्हणून येतो, आणि तिथे एक क्लिक अख्ख्या कार्यालयाला भोवतो.

आता दुसरा प्रश्न, सरकार ही पानं बंद का करत नाही. करतं, पण पाठलागाचं गणित चोराच्या बाजूने आहे. बनावट पान जिवंत राहतं काही तास किंवा दोन-चार दिवस, आणि बहुतेक बळी पहिल्या काही तासांतच पडतात, संदेश ताजा असताना. आपल्याकडे तक्रार येते ती त्यानंतर. पान पाडायला किल्ल्याही वेगवेगळ्या हातांत असतात. डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचं, नाव विकणारा रजिस्ट्रार एका देशात, पान ठेवणारी होस्टिंग कंपनी दुसऱ्या देशात, मध्ये खरा सर्व्हर झाकणारी सेवा तिसऱ्याच देशात. कुठलं दार आधी ठोठवायचं हे ठरवण्यातच अनुभव लागतो. डोमेन मुद्दाम फसवणुकीसाठीच नोंदवलं असेल तर रजिस्ट्रारकडे जायचं. कोणा बिचाऱ्या छोट्या दुकानाचं संकेतस्थळ फोडून त्याच्या पोटात आयकराचं पान लपवलं असेल तर रजिस्ट्रारला सांगून उपयोग नाही, दुकानाचं सगळंच बंद पडेल. तिथे होस्टिंगवाल्याला आणि मालकाला गाठायचं. पान एखाद्या फुकट व्यासपीठावर उभं केलं असेल तर त्या व्यासपीठाच्या गैरवापर विभागाशी बोलायचं, आणि तिथे काम बहुधा लवकर होतं.

यात सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे पानाचा लपंडाव. हुशार बनावट पान फक्त भारतातल्या मोबाइल नेटवर्कवरून आणि फक्त फोनच्या ब्राउझरलाच दिसतं. परदेशातला तपासणारा कर्मचारी संगणकावर तोच पत्ता उघडतो तर त्याला कोरं पान किंवा एखादा निरुपद्रवी ब्लॉग दिसतो, आणि तो 'काही आढळलं नाही' म्हणून तक्रार मिटवून टाकतो. काही ठिकाणी प्रत्येक संदेशाला वेगळी लिंक असते आणि ती एकदाच चालते. म्हणून तक्रार करताना लिंक पूर्ण द्या, शेवटच्या अगम्य अक्षरांसकट. कोणत्या फोनवर, कोणत्या नेटवर्कवर, किती वाजता दिसलं ते लिहा, आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पानाचा सुंदर स्क्रीनशॉट असतो आणि पत्ता कापलेला असतो. त्या चित्राचं मी काय करू?

नियमांनी अलीकडे थोडी साथ दिली आहे. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, करारांत बदल झाले. फिशिंगचा कारवाईयोग्य पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारने ते थांबवण्यासाठी पावलं उचलणं बंधनकारक झालं. त्याआधी नुसती दखल घेतली तरी चालत होतं. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला, म्हणजे आयफोरसीला, बेकायदा मजकूर काढण्याच्या नोटिसा थेट मध्यस्थ (म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या) कंपन्यांना पाठवण्याचा अधिकार मिळाला. नावावरून वाद घालून डोमेन परत मिळवण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिला आठवडे लागतात. चालू फसवणुकीत ती कुचकामी.

खरा फरक पडतो तो पान जन्मताना पकडल्याने. प्रत्येक नव्या प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक खतावणीत होते. २०१८ पासून क्रोम तशी नोंद नसलेलं नवं प्रमाणपत्र मानतच नाही. त्या खतावणीवर चोवीस तास नजर ठेवून 'इन्कमटॅक्स', 'आयटीआर', 'रिफंड' असे शब्द एकत्र आलेले नवे पत्ते गाळून काढता येतात. कित्येकदा चोराने पहिला संदेश पाठवायच्या आधीच पत्ता हाती लागतो. तो गूगल सेफ ब्राउझिंग आणि मायक्रोसॉफ्टच्या धोकादायक पत्त्यांच्या यादीत टाकला की पान जिवंत असूनही फोनवर लाल इशारा येतो, पान पाडलं जाण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून तुम्हीही खोटं पान दिसलं की ब्राउझरमधूनच त्याची तक्रार करा. आयकर खात्याला कळवायचं असेल तर 'वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यावर लिंक किंवा ईमेल पुढे पाठवता येतो आणि त्याची प्रत सर्ट-इनला देता येते. संदेश व्हॉट्सॲपवर किंवा फोनवरून आला असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत तो क्रमांक नोंदवा.

एक करडा प्रकार राहिला. काही पानं चोरी करत नाहीत, फुकट मिळणाऱ्या सरकारी सेवेचे पैसे घेतात. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. आधारवरून तत्काळ मिळणारा ई-पॅनही आयकर पोर्टलवर मोफत मिळतो. तरी तिरंगा, अशोकचक्रासारखं बोधचिन्ह आणि 'नोंदणी शुल्क' लावून बसलेली पानं जाहिराती देऊन वर येतात. तळाशी बारीक अक्षरांत 'ही खासगी सल्लागार संस्था आहे' असं लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीच्या आधाराने ती वर्षानुवर्षं टिकतात. होस्टिंगवाला म्हणतो, सेवा देतायत, फसवणूक कुठे आहे? यांच्यावर माझ्यासारख्याचा फारसा जोर चालत नाही. त्यांना आवरायचं तर जाहिरात घेणाऱ्या कंपन्यांवरच नियम हवा: सरकारी सेवेच्या नावाने जाहिरात फक्त सरकारी संस्थेचीच.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. कार्डाचा नंबर दिला नाही हे फार चांगलं झालं. पॅन आणि जन्मतारीख एवढ्यावर थेट पैसे जात नाहीत. पण या दोन गोष्टी जोडून आयकराच्या सूचनेची पीडीएफ उघडण्याचा पासवर्ड बनतो, तेव्हा ती पीडीएफ कोणाच्या हाती लागली तर उत्पन्नाचा हिशेब उघडा पडेल. ई-फायलिंगचा पासवर्ड बदला, पोर्टलवरच्या ई-फायलिंग व्हॉल्टमध्ये जास्त सुरक्षेचा पर्याय चालू करा, तिथे नोंदवलेला मोबाइल, ईमेल आणि बँक खातं आपलंच आहे ना ते पाहा. पुढचे काही महिने त्यांचा क्रेडिट रिपोर्ट अधूनमधून काढा, कारण पॅनवर छोटी डिजिटल कर्जं उचलली जातात. आणि पानाने काही उतरवायला लावलं होतं का हे त्यांना शांतपणे विचारा, रागावून नको. रागावलात तर ते नाही म्हणतील. उतरवलं असेल तर फोनचं इंटरनेट आधी बंद करा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि फोन जाणकाराकडून साफ करून घेईपर्यंत त्यावर बँकेचं ॲप उघडू नका.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांच्यासाठी: १९३० वर लगेच फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा आणि वेळेची नोंद असलेला तक्रार क्रमांक घ्या. १९३० वरची नोंद संबंधित बँकांपर्यंत जाते आणि रक्कम अजून पुढे सरकली नसेल तर तिथेच गोठवता येते, म्हणून पोलीस ठाण्यात जायच्या आधी हा फोन. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. त्रयस्थाच्या कारस्थानाने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे खरं. पण ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवण्यापूर्वीचं नुकसान त्याचंच धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे बनावट पानावर स्वतः माहिती भरलेल्या माणसासाठी तीन दिवसांची सवलत फारशी कामाची नाही, त्याला एकेक मिनिट महाग आहे. मूळ संदेश पुसू नका, तो पुरावा आहे.

तुमच्या वडिलांना आणखी एक फोन येण्याची शक्यता मी गृहीत धरतो. बोलणारा त्यांचं नाव, पॅन आणि जन्मतारीख बिनचूक वाचून दाखवेल, 'तुमचा अर्ज अर्धवट राहिलाय' म्हणेल, किंवा सायबर विभागातून बोलतोय आणि तुमची तक्रार हाताळतोय असं सांगेल. ही माहिती त्या दिवशी त्यांनीच त्या पानावर भरलेली आहे, हे त्यांना आजच सांगून ठेवा. असा फोन आला की ठेवून द्यायचा, आणि खरंच काही काम असेल तर आपणच पोर्टलवर जाऊन बघायचं.